वर्तुळाचे बटण

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप शाळेकडून आला तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, असे प्रथम मनात आले. परंतु त्या आठवणी माझ्याहून अधिक समर्थपणे लिहिणारे माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. मी व्यवसायाने संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा माणूस. गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या सुटीला जोडून रजा घेऊन मी आपल्या शाळेतील मुलांसाठी भूमिती शिकविणारी एक छोटी आज्ञावली तयार केली. तिच्यातील वर्तुळ या एकाच आकृतीने मला जेवढा विचार करायला लावला, तेवढा नोकरीतील कोणत्याही कामाने लावला नाही. त्याविषयीच येथे लिहितो.

संगणकाच्या पडद्यावर वर्तुळ नसते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पडदा म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांच्या रांगा. त्यांतील कोणते ठिपके उजळायचे, एवढेच संगणकाला ठरविता येते. आयबीएम कंपनीतील जॅक ब्रेसनहॅम यांनी 1977 मध्ये वर्तुळासाठी अशी रीत प्रसिद्ध केली की, केवळ पूर्णांकांच्या सोप्या आकडेमोडीने कडेचा पुढचा ठिपका निवडता यावा. शिवाय वर्तुळाचे आठ सारखे भाग पडत असल्यामुळे एक अष्टमांश काढला की उरलेले सात त्याच्या प्रतिबिंबांनी मिळतात. आज हे सारे पडद्याआड घडते. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेल्या जिओजेब्रा या प्रसिद्ध साधनात मध्य दाखविला, कडेवरील एक बिंदू दाखविला की वर्तुळ तयार. साधन उत्तम आहे, शिक्षकांच्या फार उपयोगाचे आहे. मात्र तेथे विद्यार्थ्याला वर्तुळ मिळते, ते करावे लागत नाही.

याहून जुनी वाट वेगळी होती. अमेरिकेत 1967 मध्ये सेमूर पेपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडविली. पुढे तिच्यात एक कासव आले. त्याला पुढे जाणे आणि वळणे एवढेच कळते. एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे, असे 360 वेळा केले की ते निघाल्या जागी परत येते आणि त्याच्या मागे वर्तुळ उमटलेले असते. आपल्या भागातील वाचकाला हे खळ्यावरून चटकन समजेल. तिवड्याला बांधलेले बैल गोल फिरतात, ते दोरीमुळे. मध्यापासूनचे अंतर दोरी राखते. पुस्तकातील व्याख्या ती हीच. कासवाला मात्र तिवडाही नाही आणि दोरीही नाही. मध्य कोठे आहे, याची त्याला कल्पनाही नसते. प्रत्येक पाऊल सारखे आणि प्रत्येक वळण सारखे, एवढ्या एका शिस्तीतून त्याचे वर्तुळ घडते.

मी आज्ञावली लिहिली ती या कासवाच्या वाटेने. आज्ञा मराठीत ठेवल्या : पुढे, मागे, उजवे, डावे, पुन्हा. वर्तुळाचे बटण मुद्दाम ठेवले नाही. गणिताच्या सरांना ते रुचले नाही. ते म्हणाले, “बाळ, कंपास पेटीत कर्कटक आहे, तुझ्या यंत्रात बटण का नको? आठवड्याला संगणकाचा एक तास मिळतो. एका संगणकावर तीन-तीन मुले बसतात. परीक्षेत कासव विचारत नाहीत.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तासाचा हिशेब त्यांना द्यायचा होता, मला नव्हे. अखेर असे ठरले की, जे मूल स्वतः वर्तुळ काढील, त्याने त्या आज्ञांना स्वतःच नाव द्यावे आणि मग ते नाव बटणासारखे वापरावे. म्हणजे बटण मिळेल, पण ते मुलाने केलेले असेल.

पहिल्या तासाला बहुतेक मुलांनी सहा बाजूंची आकृती काढली, मग बारा, मग चोवीस. आठवीतील एक मुलगी पडद्याला नाक लावून म्हणाली, “सर, हे तं गोल नाही, हे तं कोनच कोन हायेत.” तिला म्हटले, कोन दिसेनासे होईपर्यंत बाजू वाढव. 100 ठिपक्यांची त्रिज्या घेतली, तर 36 बाजूंची आकृती खऱ्या वर्तुळापासून कोठेही अर्ध्या ठिपक्याहून अधिक ढळत नाही. त्यापुढे डोळा हरतो, गणित मात्र हरत नाही. षट्कोनाची परिमिती त्याच्या परिवर्तुळाच्या व्यासाच्या बरोबर तिप्पट असते. 12 बाजूंना ते गुणोत्तर 3.106, 24 बाजूंना 3.133 आणि 96 बाजूंना 3.141 होते. आर्किमिडीजने हाच 96 बाजूंचा मार्ग धरला होता. मुलांनी एक ठिपका, एक अंश असे 360 वेळा चालविलेल्या आकृतीचा व्यास मोजला, तो 114 आणि 115 यांच्या दरम्यान आला. 360 ला त्याने भागल्यावर जी संख्या आली, ती आपली ‘पाय’ आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

भास्कराचार्यांनी 1150 मधील ‘लीलावती’त परिघासाठी दोन प्रमाणे दिली आहेत : सूक्ष्म कामासाठी 3927 भागिले 1250 आणि व्यवहारासाठी 22 भागिले 7. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. 1207 मधील दानाचा शिलालेख तेथे आहे. त्या काळी अशा मठांत कोण बसू शके, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आणि तरीही वर्तुळ त्या मठांपुरते कधीच नव्हते. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील हरिषेण राजाच्या काळी, पाचव्या शतकात, अजिंठ्याच्या 19 व 26 क्रमांकांच्या चैत्यगृहांत स्तूपाचा गोल आणि त्यामागची अर्धवर्तुळाकार भिंत ज्यांनी अखंड खडकातून कोरून काढली, त्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. गाडीच्या चाकाची धाव किंचित आखूड करून, तापवून चढविणारा आणि पाणी ओतून ती आवळून घेणारा लोहार परीघ जाणत होता. ज्ञान हातात होते. पाटी हातात नव्हती. त्यांच्या मुलांना आज पाटीऐवजी पडदा मिळतो आहे. त्यावरही केवळ तयार वस्तू मिळावी की ती घडविण्याची रीत मिळावी, हा प्रश्न मला म्हणूनच किरकोळ वाटत नाही.

शेवटची कृती मी अशोकचक्राची ठेवली होती. संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी राष्ट्रध्वज स्वीकारला. त्यासाठी नेमलेल्या समितीत बाबासाहेबही होते. 24 आरे, म्हणून दोन आऱ्यांमधील कोन 15 अंश : पुढे 100, मागे 100, उजवे 15, असे 24 वेळा. एवढे सर्वांना जमले. कड काढताना पेच पडला. कासवाला आऱ्याच्या टोकावर नेऊन 90 अंशांत वळविले आणि 360 पावले चालविले, तर कड जराशी सरकते. एका बाजूचे आरे बाहेर डोकावतात. मी बोललो नाही. दोन तासांनंतर त्याच मुलीच्या गटाला उलगडा झाला : कासव सरळ पावले टाकते, म्हणून पहिल्या वळणाला अर्धा अंश अधिक हवा. 90 च्या जागी 90.5 लिहिताच सर्व टोके कडेला टेकली. त्या गटाने आपल्या आज्ञांना नाव दिले, ‘आमचे चाक’.

सरांनी नंतर ती आज्ञावली आपल्या वेळापत्रकात ठेवली, पण परीक्षेपूर्वीचे दोन महिने वगळून. ही तडजोड मला मान्य आहे. माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती करतो. शाळेला संगणक देणे चांगलेच आहे. शक्य झाल्यास त्यासोबत वर्षातले दोन दिवस द्यावेत आणि मुलांच्या शेजारी बसावे. आपल्याला जे काम सहज येते, ते त्यांना आयते करून देण्याचा मोह होईल. त्या वेळी हात मागे ठेवावा आणि कासवाला त्यांच्या आज्ञेने चालू द्यावे.