कडी लावलेला रुपया

नोएडाला राहायला आल्यापासून महिन्यातला एक शनिवार माझा दरीबा कलांचा. चांदणी चौकातल्या या गल्लीत जुनी चांदी वजनावर घेतात. न सोडवलेल्या गहाणातली नाणीही कधीकधी ताटलीत पडलेली असतात. घासाघीस करायची ती तिथेच.

1940 पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच, 1947चा तर निकेलचा. म्हणून मी व्हिक्टोरियाचा शोधते. 11.66 ग्रॅम वजन, त्यात जवळजवळ 92 टक्के चांदी. चुंबक आणि छोटा वजनकाटा पर्समध्येच असतो. (नवरा हसतो, हसू दे.)

परवा 1862चा मिळाला, अगदी स्वस्तात. वरच्या कडेला डाख दिल्याची खूण होती; अशा नाण्याला संग्राहक नाकं मुरडतात. ‘‘किसी की माला का है, छुड़ाने नहीं आई,’’ दुकानदार म्हणाला.

खुशीत घरी आले. रात्री मात्र आई आठवली. बाबांच्या आजारपणात तिने पुतळ्यांची माळ सराफाकडे ठेवली होती, ती परत आलीच नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

हा रुपया विकायचा नाही, एवढं ठरवलंय. आता दरीब्यात गेले की त्याच माळेतले बाकीचे दिसतात का, ते बघते.