मोठ्या आई, पाणी आणा

आई गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली. ज्याला जे हवं होतं ते त्याने उचललं आणि उरलेलं पितळ-स्टील मोडीत घालायचं ठरलं. पोतं भरताना एक ताटली हाताला लागली. आमच्या भांड्यांवर आजोबांचं नाव कोरलेलं; हिच्यावर भलतीच आद्याक्षरं आणि शेजारी बारीक क्रूस. भाऊ म्हणाला, "ही तर सिस्टरची. द्यायची राहिली वाटतं."

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या ख्रिस्ती नर्सबाई. दर नाताळला त्या ताटलीतून क्रोशाच्या रुमालाखाली करंज्या यायच्या, शेव यायची. आजीची मोठी पंचाईत व्हायची. खायचं तर नाही, आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं, तेही नाही. पहिल्या वर्षी करंज्या गाईपुढे गेल्या. मग हळूहळू आम्हा पोरांपुढे यायला लागल्या. ताटली मात्र संक्रांतीचा तिळगूळ नाहीतर पहिल्या तोडणीची द्राक्षं घेऊनच घरी जायची. शेवटच्या वर्षी सिस्टरची बदली संक्रांतीच्या आधीच झाली, म्हणून ताटली इथे राहिली.

आजीने करंजी चाखलेली मी कधीच पाहिली नाही. कारण धर्माचं सांगायची. पण सिस्टर नगरकडच्या, आडनाव ऐकलं की गावाला त्यांची मूळची जात कळे, आणि खरी अडचण तिथे होती. येशू आमच्या उंबऱ्याच्या आत येऊ शकला असता, जात नाही.

सिस्टर मिरजेला शिकलेल्या. तिथलं मिशन इस्पितळ डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलं. आपल्या नर्सिंगचा सिस्टरना फार अभिमान. चादरीचा कोपरा कसा मुडपायचा हे त्या आम्हा पोरांनाही शिकवायच्या. आमच्या विंचुरात त्यांनी कुणाला धर्माचं एक वाक्य ऐकवल्याचं मला आठवत नाही. ऐकवायच्या ते हेच: रांजणावर झाकण ठेवा, बाळंतिणीला धुरात कोंडू नका, पोराला पावडरचं दूध कशाला?

एक संध्याकाळ मात्र पुन्हापुन्हा आठवते. उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली. बाहेरगावाहून मजुरीला आलेली एक बाई कांद्याच्या चाळीपाशीच अडली. तीनपाटीच्या नाक्यावर गाडीसाठी माणूस पळवला होता, पण तोवर सिस्टरच सायकलवरून पोचल्या. आजी चार हात लांब, पदर नाकाला लावून उभी. सिस्टरनी मान वर न करता सांगितलं, "मोठ्या आई, उकळतं पाणी आणा. घंगाळात आणा, बादली नको. धुतलेलं जुनं लुगडं आणा. आणि कंदील तुम्हीच धरा, ह्या पोरींचे हात कापतात."

आणाल का, चालेल का, असलं काही विचारलंच नाही. तुम्ही आणणारच, एवढं धरून त्या कामाला लागल्या. आजीने तांब्याचं घंगाळ आणलं, कंदील धरला, मूल रडेपर्यंत धरला. रात्री डोक्यावरून पाणी घेतलं, हेही खरं.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं तेव्हा आजीच आठवत राहिली. लक्ष्मीबाई आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. वडील सोवळ्यापायी सगळ्या घराला हैराण करणारे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांच्या नवऱ्याला, नारायण वामन टिळकांना एक गोरा प्रवासी भेटला. त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. प्रवचनांतून हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगतात. मला त्या साहेबाचा राग आहे. भाकीत करून तो उतरून गेला. इकडे पदरात लहान मूल घेऊन लक्ष्मीबाई माहेरच्यांच्या आधाराने दिवस काढत राहिल्या. एका माणसावर छाप पडली की तिचा हिशोब त्याच्या बायकोच्या नावावर मांडला जातो.

नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी चूल आणि पाणी वेगळंच ठेवलं. टिळकांनी ते मोडायची सक्ती केली नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. जात देवाने केली की माणसाने, हा घोळ बाईंनी स्वतःच मनात घातला, स्वतःच सोडवला आणि 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे त्याच हातांनी दुसऱ्यांची अनाथ पोरं वाढवली, प्लेगच्या छावणीत माणसं उचलली.

आता नाशकातलं शरणपूर मध्येच कशाला, पण राहवत नाही. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मिशनऱ्यांनी तिथे आणली, त्यांना अक्षरं आणि सुतारकाम शिकवलं. त्यांतलाच जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिकेच्या पोटात शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचं नाव झाडावर कोरलं ते वेनराइटने. सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला आणला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. एवढं करूनही इंग्रजांच्या लेखी ही माणसं ‘नासिक बॉईज’च राहिली. वाढवणाऱ्याने वाढवलेल्याला कधी मोठं होऊच दिलं नाही. सिस्टर निदान आजीला ‘मोठ्या आई’ म्हणायच्या आणि कंदील धरायला लावायच्या.

त्यांच्या बदलीनंतर गावात निराळाच प्रकार सुरू झाला. कुणाच्याही घरी बाळंतपण निघालं की आजी बोलावण्याची वाट न बघता हजर. वस्तीवरच्या घरांतही जायची. परतल्यावर अंघोळ करायची, मग करेनाशी झाली. केव्हा, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दाराशीच हुकूम सोडायची: तू पाणी ठेव, तू खिडकी उघड, तू उभी काय राहिलीस? थेट सिस्टरचा सूर. वाड्याजवळच्या एका बड्या घरच्या सुनेला तिने असंच कामाला लावलं; सासू महिनाभर आजीशी बोलली नाही. आईचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. ती म्हणायची, ह्यांचं समाजकार्य होतं, पण आमचं घंगाळ अंघोळीच्या वेळी कधी घरात नसतं.