मंजुरी मिळाली, घर अजून मिळालं नव्हतं

रजबच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचं मंजुरीपत्र हातात आलं. आम्ही दोघांनी शुक्राण्याची नमाज अदा केली, अम्मींनी खीर करून शेजारी वाटली. कोंढव्यात भाड्याच्या घरांत अकरा वर्षं गेली होती. आता 42 लाखांचा एक जुना पण मजबूत फ्लॅट ठरला होता. बँक 32 लाख देणार होती, आम्ही विसाराचे 2 लाख देऊन बसलो होतो. घर झालं, असंच आम्ही सगळ्यांना सांगितलं. चूक इथूनच सुरू झाली.

व्याजाचं कर्ज घ्यावं की नाही, यावर आमच्या घरात वर्षभर चर्चा चालली होती. आलिमांना विचारलं, एकमेकांशी भांडलोही, आणि जड मनानं निर्णय घेतला. त्यावर इथे लिहीत नाही, तो प्रश्न प्रत्येक घरानं आपल्या आलिमांपुढे ठेवावा. आम्ही लिहितोय ते त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल.

सोसायटीचं ना-हरकत पत्र रखडलं, विकणाऱ्यांचे काही जुने कागद मिळेनात. तेवढ्यात रमजान आला. मंजुरीपत्र कपाटात होतं, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. या काळात आमच्या हातून तीन गोष्टी झाल्या. तिन्ही साध्या होत्या, आणि तिन्हींत मन चांगलंच होतं.

पहिली गोष्ट, ईदच्या आधी दुकानात सवलत होती. नव्या घरासाठी फ्रिज आणि वॉशिंग मशीन हप्त्यावर घेतलं. महिन्याला 3,800 रुपये. बिनव्याजी हप्ता आहे, असं दुकानदार म्हणाला, म्हणून आम्हांला ते कर्ज वाटलंच नाही.

दुसरी गोष्ट, मोठ्या आपांचा मुलगा विसाव्या रोजाला इफ्तारला आला. त्याला कामासाठी मोटारसायकल हवी होती, जामीनदार मिळत नव्हता. "मामू, फक्त एक सही," तो म्हणाला. आपांनी आम्हांला आईसारखं वाढवलेलं. सही केली.

तिसरी गोष्ट, सौदीहून आलेल्या चुलतभावानं दीड लाख रुपये रोख हातात ठेवले. कर्जे हसना, जमेल तेव्हा परत करा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँकेच्या कर्जात धरला जात नाही, तो खिशातूनच करावा लागतो. त्यामुळे ही मदत आम्हांला अल्लाहची रहमतच वाटली. पैसे लगेच खात्यात भरले.

शव्वालमध्ये कागद पूर्ण झाले आणि आम्ही बँकेत गेलो. अधिकारी म्हणाले, "मंजुरीची तीन महिन्यांची मुदत संपत आलीय. तुमचा सिबिल अहवाल पुन्हा काढावा लागेल." अहवाल आला आणि त्यांनी कागदावर हिशोब मांडला. आमचं दोघांचं हातात येणारं उत्पन्न 68 हजार. त्यांच्या बँकेच्या नियमानं सगळे हप्ते मिळून त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 34 हजारांपर्यंतच चालतात. घराचा हप्ता 28 हजार. त्यात फ्रिज-मशीनचे 3,800. इथवर बसत होतं. पण मोटारसायकलचे 4,100 मिळवले की बेरीज 35,900 होत होती.

"ते कर्ज आमचं नाही, आम्ही फक्त जामीन आहोत," आम्ही म्हणालो.

"सर, जामिनाची नोंदही तुमच्याच अहवालात येते. उद्या त्यानं हप्ता चुकवला तर बँक तुमच्याकडे येणार. म्हणून आम्ही तो धरतो."

मग त्यांनी दीड लाखांच्या भरण्यावर बोट ठेवलं. हे कुठून आले? आम्ही खरं सांगितलं. तेव्हा कळलं की 20 हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं घ्यायला कायद्यानंच मनाई आहे, मग ते सख्ख्या भावाकडून का असेना. खात्यातून खात्यात घ्यायला हवं होतं.

त्या रात्री जेवण गेलं नाही. विसाराच्या करारात, कर्ज मिळालं नाही तर पैसे परत मिळतील, असं कलम आम्ही घातलंच नव्हतं. 2 लाख जाणार की काय, ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती आपांना तोंड कसं दाखवायचं याची. सही मागे घेतली तर भाच्याची गाडी आणि काम अडणार. न घेतली तर अम्मींचं घर जाणार.

दोन दिवस आम्ही गप्प राहिलो. शेवटी अम्मींनीच आपांना फोन केला. आपा संध्याकाळी आल्या, सगळं ऐकलं आणि रागावल्या. पण राग वेगळ्याच गोष्टीचा होता. "घर झालं म्हणून सांगत फिरलात. अजून व्हायचंय, हे का नाही सांगितलं? मी त्याला तुमच्या दारात पाठवलंच नसतं." दुसऱ्या दिवशी दुलाभाई स्वतः भाच्याबरोबर गेले आणि आमच्या जागी जामीन राहिले. ते नोकरीत होते आणि गाडीचं कर्ज देणाऱ्यांनी हा बदल मान्य केला, म्हणून जमलं. ते नेहमी जमेलच असं नाही.

फ्रिज-मशीनचं कर्ज भिशीच्या पैशांतून एकरकमी फेडलं. अहवालात नोंद बदलायला वेळ लागतो, म्हणून कर्ज बंद झाल्याचं पत्र बँकेत दिलं. चुलतभावाला पैसे खात्यातून परत केले, त्यानं तीच रक्कम आपल्या खात्यातून पाठवली आणि सोबत देण्याघेण्याचा कागद केला. हे देणं लक्षात घेऊन बँकेनं कर्ज 1 लाखानं कमी केलं. त्या लाखासाठी घरातल्या दोन बांगड्या गेल्या. विकणाऱ्या गृहस्थांनी पंधरा दिवस थांबण्याची मेहरबानी केली. अल्हम्दुलिल्लाह, घर झालं.

कुरआन शरीफातली सर्वांत मोठी आयत सूरह बकरातली आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लहानपणापासून ती आम्ही पढत आलो होतो. पण घरच्या माणसांचं देणंघेणं लिहायचं कशाला, त्यात परकेपणा वाटतो, असंच मानत आलो. आता वाटतं, लिहिलं असतं तर तिन्ही गोष्टी एका कागदावर समोर दिसल्या असत्या.

ज्यांच्या घरी असं मंजुरीपत्र आलं असेल, त्यांना एवढंच सांगू. अर्जाच्या दिवशी तुम्ही जसे होतात तसेच शेवटपर्यंत राहिलात, तरच ते पत्र खरं. पैसे विकणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत नवा हप्ता नको, कुणाला जामीन नको, मोठी रोख खात्यात नको. नोकरी बदलायची असेल तर आधी बँकेला विचारा. पत्राची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून पाहा. विसार देताना परतीचं कलम घाला.

आणि घरातल्या सगळ्यांना बसवून सांगा की अजून घर झालेलं नाही. नाही म्हणायचं असेल तर ते आधीच म्हणावं, त्यानं नाती तुटत नाहीत. आपा आता दर जुम्याला येतात. फ्रिज उघडून पाणी घेताना हसून विचारतात, "याचे हप्ते संपले ना रे?"