फवारतांना आणि फवारणींत

'ड्युअरिंग वुई स्प्रेड, द रेन केम,' असें एक वाक्य गेल्या सत्राच्या वह्या तपासतांना माझ्या दृष्टीस पडलें. लिहिणारा विद्यार्थी घाटंजीकडच्या एका खेड्यांतला, कापसाच्या घरचा. वाक्य अशुद्ध आहे हें उघडच आहे. 'ड्युअरिंग'च्या पुढें नाम हवें, आणि सबंध वाक्य जोडावयाचें तर 'व्हाइल' पाहिजे. तांबड्या शाईनें तेवढी खूण केली म्हणजे मास्तरांचें काम संपलें, अशी आमच्या धंद्यांतली रीत आहे. परंतु कॉलेजांत इंग्रजी शिकवितां शिकवितां माझीं अठ्ठावीस वर्षें गेलीं, आणि तितक्या वर्षांत हीच खूण हजारों वेळां केल्यावर माणसाला तिच्या मुळाशीं जावेंसें वाटूं लागतें. नेमक्या ह्याच जागीं आमचीं मुलें कां अडखळतात? माझा कयास असा कीं, येथें व्याकरणापेक्षां दृष्टीचा प्रश्न अधिक आहे. एक काम चाललें असतां मध्येंच दुसरें कांहीं घडलें, हें सांगण्याची इंग्रजांची तऱ्हा वेगळी आणि आपली वेगळी.

इंग्रज चाललेल्या कामाकडे बाहेरून पाहतो. जमिनीच्या लांबट पट्ट्याकडे भूमापकानें पाहावें तसा. पट्ट्याला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे. त्यावर टप्पे आहेत, बिंदू आहेत. 'ॲट द बिगिनिंग', 'मिडवे थ्रू', 'ॲट अ लेट स्टेज', 'टुवर्ड्‌स द एंड' — घटना कोणतीही असो, तिला पट्ट्यावर नेऊन खुंटी ठोकली कीं काम झालें. शस्त्रक्रिया असो, परिषद असो, युद्ध असो, सर्वांना एकच गज. गंमत अशी कीं, ह्या साऱ्या मोजणीचा मुकुटमणि जो 'ड्युअरिंग', तो मुळांत क्रियापदाचेंच एक रूप आहे. 'ड्यूर', म्हणजे टिकणें, चालू राहणें, असा एक धातु फ्रेंचांतून इंग्रजींत आला आणि पुढें लोपला; त्याचें धातुसाधित तेवढें मागें राहिलें व नामाला चिकटूं लागलें. उलट 'व्हाइल' हें मूळचें नाम, त्याचा अर्थ वेळ किंवा अवकाश. आज तें क्रियापदाची वाट पाहत असतें. शब्दांचे संसारही कसे पालटतात पाहा!

मराठी माणूस मात्र कामाच्या आंत उभा राहून बोलतो. 'येतांना भाजी आण' ह्या आज्ञेंत येण्याला लांबी नाहीं, मध्यबिंदू नाहीं. येणारा आहे आणि त्याचें येणें आहे. 'काम होत आलें' म्हटल्यानें किती उरलें तें कळत नाहीं, पण काम आपण होऊन शेवटाकडे झुकलें आहे हें कळतें. 'मरतां मरतां वाचला' ह्या तीन शब्दांत जें सांगून होतें, त्यासाठीं झेनो व्हेंडलर ह्या तत्त्वज्ञाला १९५७ सालीं क्रियापदांचे चार वर्ग पाडावे लागले. त्याचा मुद्दा मार्मिक आहे: धांवणाऱ्याला मध्येंच थांबविलें तरी तो धांवला असें म्हणतां येतें, एक मैल धांवणाऱ्याला मध्येंच थांबविलें तर तो मैल धांवला असें म्हणतां येत नाहीं. आपल्याकडे मोरो केशव दामल्यांनीं १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त धातुसाधितांचा विचार केला आहेच. पण त्या रूपांची खरी हौस बोलणारांना. 'आलोंच' असें ओरडणारा गृहस्थ पुष्कळदां आरामखुर्चींतून उठलेलाही नसतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला आतां धांवत नाहीं. पण तींत बसून 'बोलतां बोलतां दारव्हा आलें' असें म्हणणाऱ्या प्रवाशाच्या बोलण्याच्या उत्साहाला दाद द्यावी तितकी थोडीच.

आणि आमच्या जिल्ह्याचें पीक असें कीं, त्यावर खुंटी ठोकणें जवळजवळ अशक्यच. सरकी टोबली, डवरे फिरले, निंदण झालें, इथपर्यंत सर्व क्रमवार चालतें. पुढें मात्र क्रम मोडतो. एकाच झाडावर खालीं बोंड फुटून कापूस दिसत असतो, मध्यें हिरवीं बोंडें असतात, वर फूल असतें आणि शेंड्याला नवें पातें धरलेलें असतें. अशा झाडाला 'मिडवे' कोठें म्हणावयाचें? म्हणून शेतकरी झाडालाच विचारून काळ सांगतो. 'पऱ्हाटी पात्यावर आली अन् पान्यानं दडी मारली,' असें तो म्हणतो, आणि ऐकणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याला नुकसान किती तें ताबडतोब उमगतें. 'ऐन फुलोऱ्यांत', 'भर वेचणींत', 'हातातोंडाशीं आलेलें पीक' ह्या शब्दांत काळ आणि काळजी एकत्रच येतात. शेवटाचेंही तसेंच. पऱ्हाटी पुन्हां फुटते, फरदड घ्यावीशी वाटते; गुलाबी बोंडअळीचा कहर झाल्यापासून कृषिखात्याला 'फरदड घेऊं नका' असें घसा कोरडा होईपर्यंत सांगावें लागत आहे.

आतां त्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे वळतों. खूण करण्यापूर्वीं मीं त्याला बोलावून विचारलें, 'पाऊस आला तेव्हां पंप पाठीवर होता कां?' तो म्हणाला, 'नाहीं सर, पंप खालीं होते. आम्ही बांधावर भाकर खात होतों.' म्हणजे त्यानें शब्द अगदीं नेमका उचलला होता. शेपूट तेवढें चुकीचें जोडलें होतें. इंग्रजीचा 'ड्युअरिंग' नामाला धरून असतो आणि नाम सगळें काम कवेंत घेतें, मधल्या विसाव्यासकट. आपलें '-तांना' क्रियापदाला धरून असतें. हात थांबले कीं तेंही थांबतें.

हा भेद केवळ वर्गांतला असता तर मीं त्यावर लिहिलें नसतें. २०१७ च्या पावसाळ्यांत आमच्या जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारणाऱ्या वीसहून अधिक माणसांचा विषबाधेनें अंत झाला आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झालीं. त्याचें कारण भाषा, असें म्हणण्याइतका मी भाषावेडा नाहीं. डोक्यावर गेलेली दाट पऱ्हाटी, औषधांचीं मिश्रणें, अंगावर संरक्षक वस्त्राचा अभाव, अशीं कारणें त्या वेळीं पुढें आलीं. परंतु त्यानंतर औषधांच्या सूचना मी लक्षपूर्वक वाचूं लागलों. 'ड्युअरिंग स्प्रेइंग' खाऊं नये, पिऊं नये, तंबाखू घेऊं नये. मराठींत तिचें होतें 'फवारणी करतांना'. इंग्रजी सूचनेंत बांधावरची भाकर आली. मराठींतून ती हळूच निसटली.

त्या विद्यार्थ्याचे काका वसतिगृहाच्या कांहीं कामासाठीं यवतमाळास आले होते. त्यांना मीं विचारलें, 'फवारतांना कांहीं खातां कां हो?' ते हंसले. 'नाई जी, सर. फवारतानी कोन खाते? हात पंपाले गुंतलेले असते.' 'मग भाकर?' 'भाकर पंप ठेवून खातो ना जी.' सूचनेचा त्यांनीं अक्षरशः मान राखला होता.

वर्तमानपत्रांनीं ह्यावर 'दरम्यान' हा उपाय काढला आहे. 'फवारणीदरम्यान', 'उपचारादरम्यान', 'सभेदरम्यान'. हा शब्द फारसींतला, अर्थ 'दोहोंच्या मध्यें'. वर्धा आणि यवतमाळ यांच्या दरम्यान कळंब लागतें, तें मला समजतें; फवारणी एकच असतां तिच्या दरम्यान काय लागतें तें समजत नाहीं. आणि गरजही नाहीं. माझी आजी सोवळ्यांत असे तेव्हां ती ओट्याशीं उभी असो कीं पाटावर स्वस्थ बसलेली असो, आम्हां मुलांना शिवण्याची मनाई सारखीच. 'सुतकांत' म्हणजे रडतांना नव्हे, तर दहाही दिवस, झोपेसकट. 'सोंगणींत पाहुणा आला' म्हणजे तो रात्रीं आला असला तरी सोंगणींतच आला. नामाला लागलेला हा साधा 'त' इंग्रजीच्या 'ड्युअरिंग'चें काम शतकानुशतकें करीत आहे. 'फवारणींत असतां तोंडाला कांहीं लावूं नये' असें लिहिलें, आणि त्याला 'औषधाचा डबा फोडल्यापासून आंघोळ होईपर्यंत' अशी हद्द घातली, तर अर्थ निसटावयाला फट राहत नाहीं.

हें वाक्य मीं काकांना मोठ्या समाधानानें वाचून दाखविलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकलें, पुन्हां एकदां वाचावयास लावलें. मग म्हणाले, 'समजलं जी. पन सकायी आठले वावरात गेलो, तं आंगोय संध्याकायी घरी. तवरोक मजूर उपाशी कसा राह्यन?' मीं म्हटलें, 'मग निदान साबणानें हात धुऊन खावें.' 'साबन नेऊ ना, सर,' ते म्हणाले, 'पन पानी? डोक्यावर आनलेलं पानी पंपालेच पुरत नाई.'