लोणारची उतरण

दऱ्याखोरी आणि चित्रविचित्र खडक पाहायचे तर ते वाळवंटातच, असा माझा कित्येक वर्षे समज होता. आमच्या कॉलेजात भूगोलाच्या प्राध्यापकांच्या खोलीत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातील उल्काविवराचे एक मोठे चित्र टांगलेले आहे. ते पाहून मी नेहमी हळहळत असे, "आपल्याकडे कुठले हो असले काही!" एके दिवशी ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं आजोळ मेहकरचं ना? मग लोणारला किती वेळा गेलात?"

मी चष्मा पुसू लागलो. मेहकराहून लोणार म्हणजे तासाभराची वाट. पण आजोळी गेलेला मुलगा आंबे खातो, विवरे पाहत नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत अखेर आम्ही तिघे निघालो. खरे सांगायचे तर या प्रवासामागे आणखी एक कारण होते. आमची कन्या तेव्हा बारावीला होती आणि तिला भूशास्त्र शिकायचे होते. सौ.च्या मनात डॉक्टरकी. मला विचारले की मी म्हणे, "बघू." मराठीत नकाराचे जितके सभ्य प्रकार आहेत त्यांत 'बघू'चा नंबर पहिला, हे मी भाषेचा प्राध्यापक म्हणून अधिकाराने सांगू शकतो. मुलीलाही ते ठाऊक होते. तिने विचारणेच सोडून दिले होते, आणि तेच मला बोचत होते.

जालन्याहून एस.टी.ने जिजाऊंचे सिंदखेड राजा मागे टाकून लोणार गाठले. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कपाशी, उभी तूर, सपाट काळी जमीन. गावाबाहेर चार पावले गेलो आणि एकाएकी जमीनच संपली! पायांखाली एक प्रचंड वाटोळा कटोरा. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि काठापासून जवळजवळ १३७ मीटर खाली हिरवट पाण्याचे तळे. सौ. म्हणाली, "अगं बाई!" त्या क्षणी मराठीच्या प्राध्यापकालाही याहून बरे शब्द सुचले नाहीत.

गोमुखाच्या धारेपासून आम्ही उतरू लागलो. बरोबर गावातला एक वाटाड्या होता. "मास्तर, घाई नोका करू, दगड सरकते," असे तो दर दहा पावलांनी बजावी. धारेचे पाणी गोड, बारमाही. आणि तेच जिथे जाऊन पोचते ते तळे मात्र खारे नि क्षारयुक्त. लवणासुराला विष्णूने इथेच मारले आणि त्याच्यावरून लोणार हे नाव पडले, ही कथा मी उत्साहाने सांगितली. मुलीने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "आता बाबा, तुम्ही माझी ऐका."

तिने कड्याकडे बोट केले. एकावर एक रचलेले काळ्या दगडाचे थर दिसत होते. एकेक थर म्हणजे एकेका लाव्हाचा लोट; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते इथे पसरले. असे थर आडवे असावेत. पण काठाजवळ ते बाहेरच्या बाजूला कलंडलेले होते, जणू कोणी आतून धक्का मारून भाकरीचा पापुद्रा उचलावा. वरच्या बाजूला तर दगडांचा नुसता काला. लहानमोठे धारदार तुकडे पुन्हा एकमेकांत घट्ट बसलेले, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे. मी ज्याला सरसकट 'काळा दगड' म्हणत आलो होतो, त्याच्या इतक्या जाती तिने तासाभरात दाखवल्या.

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली या जागेकडे जगाचे लक्ष वेधले. पण पुढे शंभराहून अधिक वर्षे पुष्कळांना हे ज्वालामुखीचे तोंडच वाटत होते. उलगडा केला तो दगडांनी. येथील खडकांत काही स्फटिक असे सापडले की बाहेरून आकार स्फटिकाचा, पण आत निव्वळ काच. वितळल्यावाचून अशी काच व्हायला जो आघात लागतो, तो कोणत्याही ज्वालामुखीला देता येत नाही. १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे पुरावे प्रसिद्ध केले, आणि आकाशातून आलेल्या पाहुण्याची ओळख पटली. तो नेमका कधी आला यावर मात्र एकमत नाही. एका मापनाने ५२ हजार वर्षे निघाली, तर पुढच्या एकाने सुमारे ५ लाख ७० हजार!

"मग ती उल्का कुठे आहे?" सौ.ने व्यवहारी प्रश्न केला. अ‍ॅरिझोनात बॅरिंजर नावाच्या गृहस्थांनी १९०३ पासून हाच प्रश्न धरून कित्येक वर्षे जमीन खणली. लोखंडाचा मोठा गोळा काही मिळाला नाही. आघाताच्या उष्णतेत पाहुण्याचा बहुतेक सारा देह वाफ होऊन जातो. मागे उरते ती फक्त त्याने केलेली जखम.

खाली कमळजादेवीच्या देवळापाशी सौ. टेकली. आम्ही बापलेक काठाकाठाने पुढे गेलो. वाटेत मला एक दगड दिसला. मुठीएवढा, एका अंगाने काचेसारखा चमकणारा. मुलीची पाठ वळलेली पाहून मी तो हळूच खिशात टाकला.

"बाबा, तो ठेवा."

"अगं, एकच तर आहे."

"प्रत्येक जण एकच नेतो." ती हसली नाही. "हे अभयारण्य आहे, न्यायची बंदी आहे, ते तर झालंच. पण तो इथे, याच थरापाशी पडलाय म्हणून काहीतरी सांगतो. तुमच्या टेबलावर तो नुसता दगड होईल."

मी स्तब्ध झालो. वीस वर्षे मी वर्गात हेच सांगत आलो आहे, की शब्द वाक्यातून उपटला की त्याचा अर्थ अर्धा मरतो. तेच आता माझी मुलगी दगडांच्या भाषेत मला शिकवीत होती. तिला तिची भाषा सापडली होती, आणि मी 'बघू' 'बघू' करीत बसलो होतो! मी दगड काढला. "असा नाही, चमकती बाजू खाली होती," ती म्हणाली. मी निमूटपणे तसा ठेवला.

चढताना माझा दम उखडला. गोमुखाशी बसून ओंजळभर पाणी प्यालो आणि म्हटले, "भूशास्त्राचा फॉर्म कधी भरायचा?"

ती काही बोलली नाही; धारेखाली हात धरून बराच वेळ उभी राहिली. सौ.ने मात्र डबा उघडता उघडता सांगून टाकले, "मला तर ते जालन्यालाच कळलं होतं."

आता ती पहिल्या वर्षाला आहे. परवा दिवाळीसाठी घरी आली ती छोटी हातोडी घेऊन. आजीने धास्तावून पाटा-वरवंटा आत ठेवला. मुलीने तो पुन्हा बाहेर आणला, भिंग लावून निरखला आणि आजीला सांगितले, "आजी, हाही लोणारच्या दगडाचाच भाऊबंद. साडेसहा कोटी वर्षांचा."

आजी म्हणाली, "म्हणूनच चटणी चांगली होते."