शुद्धिपत्राचा खर्च

मुखेडला माझ्या संगीतगुरुजींचे निधन झाल्यावर त्यांच्या घरच्यांनी एक कापडी पिशवी माझ्याकडे सोपवली. तिच्यात एका प्रकाशकाची पोस्टकार्डे आणि गुरुजींनी ठेवलेल्या स्वतःच्या पत्रांच्या नकला होत्या. कागदाचा भाव, प्रतींची संख्या, सवलत, येणे बाकी, एवढाच बहुतेक मजकूर. अशा व्यावहारिक पत्रांचा संहितेशी काय संबंध, या समजुतीने मी ती दोन वर्षे उघडलीही नाहीत.

गुरुजींच्या संग्रहातील काफीच्या एका बंदिशीत, अंतऱ्यात शुद्ध गंधार छापला आहे. ही बंदीश त्यांनी आम्हांला कधी शिकवली नव्हती. आम्ही ती पुस्तकावरून बसवली. काफीत शुद्ध गंधाराचा क्वचित प्रयोग रूढ असल्याने तो कोणाला खटकला नाही. उलट, एका निबंधात मी त्या स्वराला कर्त्याची जाणीवपूर्वक बंडखोरी ठरवले.

पत्रांतून निराळेच कळले. भातखंडे-लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. भैरवीतल्या चारही कोमल स्वरांखालच्या रेघा गळाल्या, तर कागदावर बिलावलाचे सप्तक उरते. येथे गंधाराची रेघ छपाईत गळली होती. गुरुजींनी ते कळवले आणि त्याच पत्रात थकलेल्या मानधनाची आठवण दिली. उत्तर आले: शुद्धिपत्र छापू, खर्च मानधनातून वळता करू. त्यानंतर पत्रे नाहीत, शुद्धिपत्रही नाही.

बीथोवनने १८०९ साली आपल्या ए मेजर चेलो सोनाटातील मुद्रणदोषांची यादी ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या प्रकाशकांकडे पाठवली होती. त्याच प्रकाशकांशी त्याची मोबदल्याविषयीही घासाघीस चाले. पुढे संपादकांनी ती पत्रे पाठचिकित्सेचे साधन मानली. आपल्याकडे भातखंड्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' (१९१०) 'चतुर पंडित' या नावाने प्रसिद्ध केले. त्यांच्या ग्रंथांच्या प्रकाशनाचा भार भा. सी. सुकथनकरांसारख्या स्नेह्यांनी उचलला. तालुक्याच्या गावातील संगीतशिक्षकाला असा स्नेही मिळतोच असे नाही.

बंदिशीत कर्त्याची मुद्रा असते: 'सदारंग', 'चतुर'. परंतु मुद्रा रचनेवरचा हक्क सांगते, छापलेल्या स्वराची हमी देत नाही. गुरुजींच्या बाबतीत ती हमी मानधन मागणाऱ्या पत्रातच होती. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित करून वाचकाला मुक्त केले. माझे वाचन मात्र मुक्त नव्हते. एका कागदाच्या तुकड्याचा खर्च कोणी सोसायचा, या वादाने ते आधीच ठरवून टाकले होते.

म्हणून त्या निबंधातील विधान मी येथे मागे घेतो. अलीकडे ती बंदीश कोमल गंधाराने शिकवली, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आधीचंच चांगलं वाटत होतं." कानाने पाहता तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. मी तिच्यापुढे गुरुजींच्या पत्राची नकल ठेवली.