मोतीचं दुखणं, गुंड्याची फाइल

आमच्या लहानपणी वाईत कुत्रं आजारी पडलं, की घरात एकच वाक्य ऐकू यायचं, ‘आज मोतीनं भाकरीला तोंड लावलं नाही.’ तेच लक्षण आणि तेच निदान. थर्मामीटर घरात एकच, तो माणसांचा, आणि तोही आजीच्या फडताळात. मोतीचं नाक कोरडं आहे का एवढं बघायचं आणि जर्मनच्या थाळीत ताकाऐवजी दूध ओतून ती त्याच्या पुढ्यात सरकवायची. प्यायला तर ठीक, नाही प्यायला तर उद्या बघू. (नाकावरून ताप कळत नाही, हे मला पुढे कित्येक वर्षांनी पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. आख्ख्या आळीचं वैद्यकशास्त्र त्या नाकावर उभं होतं!)

उपाय मात्र भरपूर होते. लूत लागली की खोबरेल तेलात गंधक. गोचीड हातानं वेचायचे आणि रॉकेलच्या वाटीत टाकायचे. हे काम आम्हा पोरांचं, आणि शाळेच्या गृहपाठापेक्षा ते आम्ही मनापासून करायचो. जखमेत अळ्या झाल्या तर सीताफळाचा पाला ठेचून त्याचा रस. काहीच लागू पडलं नाही, तर आजी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची आणि पालीच्या खंडोबाचा भंडारा मोतीच्या कपाळाला लावायची. कुत्रं खंडोबाचं, तेव्हा त्याचं दुखणंखुपणंही त्यानंच बघावं, असा तिचा सरळ हिशेब होता. त्या पिवळ्या कपाळानं मोती दिवसभर ओसरीवर पडून राहायचा. आजीला तो कधी गुरगुरला नाही. आम्हाला गुरगुरायचा.

डॉक्टर म्हणजे गुरांच्या दवाखान्यातले. दवाखाना जिल्हा परिषदेचा, पुढे अंगण, अंगणात बैल जखडायचा लोखंडी खोडा, सगळीकडे फिनेलचा वास. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत हे तिथले रोजचे शब्द. ज्या जनावरावर घर चालतं त्याचा नंबर आधी, हे सगळ्यांना मान्य होतं. म्हैस अडली असेल तर डॉक्टर मोटारसायकलवरून गावोगाव हिंडत असायचे आणि मोतीला सुतळीनं बांधून आणलेले आमचे अण्णा चिंचेखाली त्यांची वाट बघत बसायचे. कुत्र्यासाठी अर्धा दिवस घालवणाऱ्या माणसाकडे शेतकरी जरा चेष्टेनंच बघत. अण्णा त्यांना पान देत आणि त्यांच्याच बैलांची चौकशी करत वेळ काढत.

मुंबईत परिस्थिती वेगळी होती, हेही सांगायला हवं. परळला सर दिनशॉ पेटिट यांनी पत्नीच्या नावानं काढलेलं बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू होतं आणि तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चं. म्हणजे विद्या होती, डॉक्टर होते. पण वाईहून परळ म्हणजे आमच्या लेखी दुसरा देशच. आणि यष्टीत कुत्रं घेणार कोण?

मोतीला झाला तो डिस्टेंपर. तेव्हा हे नाव आम्हाला माहीत नव्हतं. आधी डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड. मग थोडं बरं वाटलं, भाकरीही खाल्ली, आणि आजी म्हणाली, ‘बघा, भंडारा लागू पडला.’ त्यानंतर एका सकाळी त्याचा जबडा आपोआप कटकट वाजायला लागला आणि मागचा पाय झटके देऊ लागला. डॉक्टर या वेळी घरी आले. ओसरीवर उकिडवे बसून त्यांनी बराच वेळ मोतीकडे बघितलं आणि अण्णांना म्हणाले, ‘हे मेंदूत गेलंय. आता आपल्या हातात नाही.’ इंजेक्शन दिलं ते झटके थोडे कमी व्हावेत म्हणून. त्या विषाणूवर नेमका चालणारा इलाज आजही नाही, हे लक्षात घेतलं तर त्या डॉक्टरांनी काही कमी केलं असं मी म्हणणार नाही. कमी पडली ती लस. ती तेव्हाही जगात होती. वाईत आमच्यापर्यंत पोचली नव्हती.

त्या दिवसांतली खरी धास्ती वेगळीच होती. तोंडाला फेस आला की कुत्रं ‘पिसाळलं’, हा गावाचा निकाल. डिस्टेंपरची झटके येणारी किती कुत्री तेव्हा काठ्यांनी मारली गेली असतील, कोण सांगणार! लोक क्रूर होते म्हणून हे झालं असं मला वाटत नाही, ते घाबरलेले होते. कुत्रं चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं, ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली, आणि रेबीज एकदा उमटला की मरण ठरलेलं. लस टोचून आलेला आमच्या वर्गातला एक मुलगा सदरा वर करून पोट दाखवायचा. शाळेत त्याला वीराचा मान होता. त्या लसीचं उत्पादन आपल्या देशात 2004 च्या अखेरीला थांबलं, आणि आता दंडात थोडक्या सुया घेऊन काम भागतं. कुत्र्याच्या आजारपणाकडे माणसं शांतपणे बघू लागली, त्यात या बदलाचा वाटा फार मोठा आहे.

तर अण्णांनी मोतीला परड्यात गवताच्या खोलीत ठेवलं आणि दाराला कडी घातली, बाहेर जाऊन मार खाऊ नये म्हणून. आळीतले लोक दारातून डोकावून जात. शेजारच्या काकू रोज वाटीभर पेज आणून ठेवत. त्यांना मोती मुळीच आवडायचा नाही, त्यांच्या वाळवणात तो पाय देऊन जायचा; तरी पेज यायची. तो गेला तेव्हा चुलत्यांनी परड्यातच खड्डा खणला, पोतंभर खडं मीठ टाकलं आणि वर मोठा धोंडा ठेवला. कुत्र्याचं सुतक नसतं, असं आजीनंच सांगितलं. आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ करून आली. आम्हाला संध्याकाळी जेवायला बसवलं. ‘किती दिवस रडणार’ असं कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना मोती ठाऊक होता.

ऐंशीच्या दशकात घराघरांत पॉमेरियन आले आणि त्यांच्या पाठोपाठ पार्व्होही. हा विषाणू जगात 1978 च्या आसपास पहिल्यांदा लक्षात आला आणि काही वर्षांतच भारतात पोचला. रक्ताची हगवण लागलेली, दोन दिवसांत मान टाकणारी पिल्लं ज्यांनी पाहिली आहेत, ते लसीचं कार्ड हरवू देत नाहीत. हल्ली पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. इतकं साधं वेळापत्रक, आणि मोतीसारखी मरणं त्यात बसत नाहीत.

आता आमच्याकडे गुंड्या आहे. कोथरूडच्या रस्त्यावरून लेकीनं उचलून आणलेला, गावठी, एक कान कायम पडलेला. त्याच्या नावानं दवाखान्यात फाइल आहे आणि फाइलवर आमचं आडनाव. पहिल्यांदा नाव पुकारलं गेलं तेव्हा मी हसले, पुढच्या वेळी आपसूक उठून उभी राहिले. रात्री दहालाही तिथली बाकं भरलेली असतात. माणसं एकमेकांना ‘सिंबाची आई’, ‘कोकोचे बाबा’ म्हणून ओळखतात. आपापलं नाव कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही.

मागच्या पावसाळ्यात गुंड्यानं खाणं सोडलं. जुन्या सवयीनं मी नाकाला हात लावला. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पांढऱ्याफटक. नाकातून रक्ताचा थेंब येऊन गेला होता, तो आम्ही कुठंतरी आपटला असेल म्हणून सोडून दिला होता. गोचीड ताप. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडाच्या चाव्यातून रक्तात जातो आणि प्लेटलेट खाली आणतो. ज्या गोचिडांना आम्ही रॉकेलच्या वाटीत मोजत बसायचो, ते हे करू शकतात हे तेव्हा आमच्या आळीत कुणाला माहीत होतं? औषध स्वस्त आणि जुनं आहे, डॉक्सिसायक्लिन. चारेक आठवडे, पोटात अन्न असताना द्यायचं. आमच्याकडे ते पनीरच्या तुकड्यातून गेलं. गुंड्या पनीर खाऊन गोळी अलगद बाजूला थुंकतो, त्यामुळे मग पेढा.

पण औषधाला काम करायला वेळ लागतो आणि त्याचं हिमोग्लोबिन तेवढं थांबायला तयार नव्हतं. रक्त द्यावं लागणार होतं. रात्री लेकीनं व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला आणि पहाटेपर्यंत तो कुठल्या कुठल्या गटांत फिरला. सकाळी पिंपरीहून एक ओळखदेखही नसलेला मुलगा आपला धिप्पाड लॅब्रेडॉर घेऊन आला. त्या कुत्र्याच्या गळ्यावरचे केस भादरले, त्याला एका अंगावर निजवलं, आणि तो शेपूट आपटत बिस्किटाकडे बघत पिशवी भरेपर्यंत पडून राहिला. कुत्र्यांमध्ये परक्या गटाच्या रक्ताविरुद्धची प्रतिपिंडं सहसा उपजत नसतात, म्हणून पहिल्यांदा दिलेलं रक्त बहुतेक वेळा मानवतं, असं डॉक्टरांनी समजावलं. दुसऱ्यांदा द्यायचं तर क्रॉसमॅच हवाच. गुंड्या दोन दिवसांनी उठून पाणी प्यायला. त्या मुलानं पैसे घेतले नाहीत. चहाही घेतला नाही, कामावर उशीर होत होता. मला शेजारच्या काकूंची पेज आठवली.

तरी आताचं सगळं सोपं झालं आहे, असं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लॅब्रेडॉरची दोन्ही मूत्रपिंडं गेली. क्रिएटिनिन, सोनोग्राफी, घरच्या घरी कातडीखाली सलाइन. मुलगा अमेरिकेत, तो व्हिडिओ कॉलवर म्हणतो, डायलिसिस बघा. सून म्हणते, त्याला त्रास होतोय, इंजेक्शन देऊया. आजोबा काहीच बोलत नाहीत, फक्त त्याच्या शेजारी सतरंजी टाकून झोपतात. पैशाचा विषय कुणी काढत नाही आणि तो सगळ्यांच्या मनात असतो. अण्णांना हा पेच पडला नव्हता. ‘आपल्या हातात नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य तेव्हा घराला दुःख देऊन गेलं, पण अपराधी वाटण्यातून सोडवूनही गेलं. आता बरंच काही हातात आलं आहे, आणि कधी थांबायचं हेही त्यातच आलं.

त्यांच्या डॉक्टर बाईंनी एक चांगली गोष्ट केली. कालनिर्णयवर रोज खूण करायला सांगितली : तो आपणहून उठला का, खाल्लं का, घरचं माणूस दारात आलं तर शेपूट हलली का. बऱ्या दिवसाला बरोबरची खूण, वाईट दिवसाला फुली. फुल्या वाढत गेल्या तेव्हा अमेरिकेतल्या मुलालाही वेगळं समजवावं लागलं नाही. इंजेक्शन घरीच, त्या सतरंजीवर दिलं. आधी गुंगीचं, मग दुसरं. मोतीचा जबडा शेवटपर्यंत वाजत होता. हा फरक ज्याला कळतो, त्यानं ‘तेव्हा सगळं कसं नैसर्गिक होतं’ असं माझ्यासमोर म्हणू नये.

हे श्रीमंतांचे चोचले, असंही ऐकू येतं. 2018 साली लंडनला राजवाड्यात सन्मान घ्यायला रतन टाटा गेले नाहीत, कारण त्यांचं कुत्रं आजारी होतं, हा किस्सा सुहेल सेठ यांनी सांगितला आहे. महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय 2024 च्या जुलैत सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. पण अण्णांकडे कारखाने नव्हते, आणि तेही चिंचेखाली अर्धा दिवस बसलेच होते. आजारी कुत्र्याजवळ बसणारी माणसं तेव्हाही होती. उणीव दवाखान्यांची होती, आणि ती वाईच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांवर अजून पुरती भरलेली नाही.

मला खरोखर चुकल्यासारखं वाटतं ते नंतरच्या दिवसांत. वरचा लॅब्रेडॉर गेला तेव्हा सोसायटीच्या निम्म्या लोकांना तो लिफ्टच्या तक्रारीपुरताच माहीत होता. आजोबा चार दिवस खाली फिरायला आले नाहीत. का, ते वॉचमननं सांगितलं. मग कुत्री फिरवणारे आम्ही पाच-सहा जण वर जाऊन बसलो. एकीनं इडल्या नेल्या होत्या. आजोबांनी त्याचा पट्टा दाखवला, फोटो दाखवले, आणि ‘कुत्र्यासाठी काय एवढं’ असं स्वतःच दोनदा म्हणाले. आम्ही कुणी दुजोरा दिला नाही.

गुंड्या आता बरा आहे, महिन्याला गोचिडाची गोळी घेतो आणि ती मात्र न थुंकता खातो. तुमच्या घरचं कुत्रं तरुण, धडधाकट, सगळ्या लसी झालेलं आणि पंचवीस किलोच्या वरचं असेल, तर त्याचं नाव आणि तुमचा फोन नंबर आपल्या डॉक्टरांकडे रक्तदाता म्हणून आजच लिहून ठेवा. रात्री अकराला शोधाशोध करणाऱ्या घराला त्याचा फार उपयोग होतो.